भट्टीची धग, पावाची फेरी: कोकणातल्या बेकरीत सेवेचं काम कसं बसवावं

बेकरीवाल्याने लोकांसाठी काही करायचं म्हटलं, की पहिला विचार येतो रात्री उरलेल्या मालाचा. उरलेले पाव वाटून टाकावेत, त्यात काय मोठंसं! कोकणात हे दोन कारणांनी टिकत नाही. पहिलं कारण हवा. पावसाळ्यातल्या दमटपणात आजचा पाव उद्या दुपारपर्यंत चिकट होतो किंवा त्यावर बुरशीचे ठिपके दिसायला लागतात. दुसरं कारण धंद्याचं. नीट चालणाऱ्या बेकरीत फारसं उरत नाही, आणि ज्या दिवशी उरतं त्या दिवशी समोरच्याला गरज असेलच असं नाही. आपला विक्रीचा अंदाज चुकला तरच एखाद्याच्या घरी पाव पोचणार असेल, तर त्या घराने कशावर विसंबायचं?

म्हणून सेवा मांडायची ती बेकरी रोज करतेच आहे त्या कामांवर. भट्टी रोज तापते आणि तिची धग रात्रभर वाया जाते. पाववाला पहाटे वाडीवाडीत जातोच. गोदामात मैद्याची पोती असतातच. या तीन गोष्टींतून पुष्कळ उभं राहतं. मात्र धंद्याला निदान एक पावसाळा आणि एक गणपती होऊन गेलेला असावा. नवी बेकरी, डोक्यावर कर्ज आणि हप्ता सुरू असताना यात उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब, मग बाकीचं

मनाला येईल तेव्हा, येईल तेवढं देणं हा प्रकार बंद करा. रोजच्या घाण्यातला सेवेचा वाटा आधीच ठरवा आणि तो किमतीत धरा.

लादी पावाचं साधं प्रमाण घ्या. मैदा १०० भाग, पाणी ५८ ते ६०, साखर ५, तेल किंवा तूप ३, मीठ २ आणि कोरडं यीस्ट १. एक किलो मैद्यातून साधारण १ किलो ७०० ग्रॅम पीठ होतं. ४५ ग्रॅमचे गोळे केले तर थोडी घट धरून ३६ पाव. म्हणजे १० किलोच्या घाण्यात ३६० पाव, सहाच्या लादीने ६० लाद्या. त्यातल्या दोन लाद्या सेवेच्या.

समजा तुमच्या एका लादीचा उत्पादनखर्च १४ रुपये आहे. दोन लाद्यांचे २८ रुपये उरलेल्या ५८ लाद्यांवर पसरले, तर लादीमागे ५० पैसेसुद्धा पडत नाहीत. महिन्याचे २६ दिवस धरले तर खर्च ७२८ रुपये. हा आकडा वहीत वेगळ्या खात्यावर लिहा. तो विक्रीच्या दराने न लिहिता उत्पादनखर्चाने लिहा, नाहीतर केलेलं काम उगाच मोठं दिसायला लागतं. हिशेब नसेल तर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, मग वर्षाअखेरीस सेवा परवडत नाही म्हणून ती बंद पडते.

यापेक्षा मोठं काही करायचं असेल तर पैसा पावातून काढू नका. पावात मार्जिन नसतंच. वाढदिवसाचे केक, पेस्ट्री, नाताळचे प्लम केक, रमजान-ईदची नानकटाई, मे महिन्यात पर्यटकांना जाणारे काजू-नारळाचे कुकीज यांत मार्जिन असतं. केकने पावाला पोसायचं. प्रत्येक ऑर्डरच्या केकमागे ठरावीक रक्कम सेवेच्या खात्यावर टाकली, की मे आणि डिसेंबरमध्ये खातं भरतं आणि जून-जुलैत ते वापरता येतं.

कराच्या बाजूने काही गोष्टी माहीत असू द्या. पावावर जीएसटी नाही. केक, पेस्ट्री आणि बिस्किटांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर फुकट दिलेल्या करपात्र मालाच्या कच्च्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. म्हणून वाटपाची नोंद तारीखवार ठेवा आणि ती सीएच्या हातात द्या. आणि पाव वाटले म्हणून आयकरात देणगीची सवलत मिळत नाही. ती सवलत पैशातल्या देणगीला असते, वस्तूंना नाही.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, लवकर उरकू. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर निघतो. त्याचा १४ अंकी क्रमांक दुकानात दर्शनी भागात लावलेला हवा. कामगारांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी करून घ्या. फुकट दिलं म्हणून अन्नसुरक्षेचे नियम सैल होत नाहीत. उलट शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे वेगळे विनियम आहेत. पाकिटावर पदार्थाचं नाव, देणाऱ्याचं नाव, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते आणि शाकाहारी-मांसाहारी खूण लिहा. एक रबरी शिक्का केला की काम भागतं.

रात्रीची धग

दगडी-विटांची भट्टी असेल तर तुमच्या हाती फुकटची उष्णता आहे. पहाटेचा पाव निघतो तेव्हा आत २२०-२३० अंश असतात. झाकण लावून ठेवली तर काही तासांत ती १६०-१७० वर येते. ही नानकटाई आणि बिस्किटांची वेळ. रात्री ती १०० ते १२० च्या आसपास राहते, तेव्हा टोस्ट वाळतो. विजेचा किंवा डिझेलचा रोटरी ओव्हन असेल तर हे जमणार नाही. तो बंद केला की पटकन थंड होतो. तिथे शेवटचा घाणा काढल्यावर लगेच एक रॅक आत सारायचा, एवढंच करता येतं.

या धगीचा सगळ्यात जुना उपयोग आपल्याकडे होताच. दिवाळीला नाहीतर मे महिन्यात घरचं तूप, रवा, मैदा, साखर घेऊन बायका बेकरीत जायच्या आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायच्या. तो प्रकार पुन्हा सुरू करा. आठवड्यातून दोन दुपारी भट्टी गावासाठी. ट्रेमागे माफक भाजणावळ घ्या. फुकट ठेवलंत तर गर्दी होते आणि वेळ पाळला जात नाही. प्रत्येक ट्रेला नावाची चिठ्ठी लावा, नाहीतर कुणाची वेलचीची आणि कुणाची जायफळाची यावरून जुंपते.

बचत गटांना याचा खरा फायदा होतो. गटाकडे कौशल्य असतं, ओव्हनला पैसे नसतात. ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या गटातल्या बायकांना नाचणीची बिस्किटं करायची असतील तर हे प्रमाण द्या:

नाचणीचं पीठ ६०० ग्रॅम, कणीक ४०० ग्रॅम, तूप किंवा लोणी ४५० ग्रॅम, गुळाची पावडर ४०० ग्रॅम, भाजलेला सुक्या खोबऱ्याचा कीस १०० ग्रॅम, बेकिंग पावडर १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, दूध लागेल तसं, साधारण ८० ते १०० मिलिलिटर.

नाचणीचं पीठ आधी मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून पूर्ण गार करा, म्हणजे कच्चट चव जाते. तूप आणि गूळ फेसून घ्या, मग बाकीचं कालवा. कणीक वगळायचा मोह आवरा. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसत्या नाचणीचं बिस्किट डब्यात पोचेपर्यंत भुगा होतं. १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. भट्टीतून काढल्यावर ती मऊच लागतात, गार झाल्यावर कडक होतात, म्हणून जास्त भाजत बसू नका. ओलं खोबरं अजिबात नको, चार दिवसांत खवट होतं. पावसाळ्यात अर्धा गूळ काढून तिथे पिठीसाखर घाला, कारण गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि बिस्किट सादळतं. डबा घट्ट झाकणाचाच हवा.

गटाला ही बिस्किटं स्वतःच्या नावाने विकायची असतील तर त्यांची स्वतंत्र अन्नसुरक्षा नोंदणी लागते, तुमची चालणार नाही. यंत्रासाठी पैसे हवे असतील तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई ही योजना २०२० मध्ये आली. तिच्यात पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. सध्याची स्थिती जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. दुसरा रस्ता जिल्हा उद्योग केंद्राकडून, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून जातो.

पाववाल्याची फेरी

मला विचाराल तर कोकणात बेकरीच्या हातून होण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच आहे. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही.

आपल्या वाड्यांमधली परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा नालासोपाऱ्यात किंवा डोंबिवलीत, घरात म्हातारी एकटी, शेजारचं घर गणपतीपुरतं उघडणारं. अशा घरी रोज न चुकता जाणारा माणूस बहुधा एकच असतो, तो म्हणजे हॉर्न वाजवत येणारा पाववाला. कित्येक घरी पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली असते. तो त्यात पाव टाकतो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा पाव पिशवीत तसाच दिसला, तर ती खूण ओळखून पुढे काय करायचं एवढंच त्याला ठरवून द्यायचं आहे.

आधी यादी करा. पासष्टीच्या पुढची, एकटी किंवा दोघंच राहणारी घरं. आशाताई आणि पोलीस पाटील यांच्याशी बोला, त्यांना ही घरं माहीत असतात. मग प्रत्येक घरी स्वतः जा आणि विचारा. ‘काकी, पाववाला रोज दोन मिनिटं थांबून हाक मारेल, चालेल ना?’ असं विचारलं की पुष्कळदा पुढचा अर्धा तास चहा आणि मुंबईच्या नातवाचं कौतुक यात जातो. जाऊ द्या. काहींना हे आवडत नाही, आपल्यावर कुणी लक्ष ठेवतंय असं वाटतं. त्यांचा नकार लगेच मान्य करा.

मग मुंबईच्या मुलाला फोन. इथे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. मुलाला पैसे द्यायचे असतात, घेऊन टाका. महिन्याच्या पावाचे, टोस्टचे पैसे त्याने यूपीआयने आगाऊ भरले की म्हातारीला सुट्ट्या पैशांची कटकट उरत नाही, आपली उधारी होत नाही आणि तिला दान घेतल्यासारखं वाटत नाही. सेवा आहे म्हणून फुकटच असली पाहिजे, हा हट्ट कामाचा नाही. ज्या घरांत पैसे भरणारं कुणीच नाही, त्यांच्यासाठी त्या ठरवलेल्या दोन लाद्या आहेत. कोणाचे पैसे येतात आणि कोणाचे नाहीत हे पाववाल्यालासुद्धा कळायची गरज नाही.

पाववाल्याला चारच गोष्टी शिकवा. हाक मारायची आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर आलं नाही तर शेजारी विचारायचं. शेजारी कुणी नसेल तर बेकरीत फोन करायचा: ‘कालचो पाव अजून दारारच आसा.’ आणि घरात एकट्याने शिरायचं नाही. फोन आल्यावर पुढचं बेकरीतल्या माणसाने करायचं, म्हणजे आधी मुलाला, मग आशाताईला, लागलं तर १०८ ला. हे नंबर काउंटरमागच्या भिंतीवर असू द्या.

पण घरांची यादी भिंतीवर लावू नका आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे याची तयार यादी चोराच्या हाती देण्यासारखं ते होईल. ती मालकाच्या वहीत आणि पाववाल्याच्या डोक्यात राहू द्या. औषधं पोचवायची विनंती येतेच. मेडिकलवाल्याने नाव घालून बंद केलेली पिशवी असेल तरच न्यावी. गोळी कधी घ्यायची हे पाववाल्याने सांगू नये.

पाववाल्याचा वेळ जातो, त्याचा मोबदला द्या. घरामागे महिन्याला ठरावीक रक्कम. पेट्रोल त्याचं आणि पुण्य मालकाचं, अशी वाटणी फार दिवस चालत नाही.

आणि माल. दात नसलेल्यांना कडक पाव देऊन उपयोग नाही, मऊ लादी किंवा चहात बुडणारा टोस्ट द्या. मधुमेह असलेल्यांची घरं यादीत खूण करून ठेवा. प्रेमापोटी क्रीम रोल पाठवणारे मालक मी पाहिले आहेत, तिकडे आशाताई कपाळावर हात मारते.

बंदीच्या दिवसांतली उधारी

१ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. खलाशी, जाळी विणणारे, मासे विकणाऱ्या बायका यांच्या घरात या दोन महिन्यांत रोख पैसा येत नाही. पाव मात्र रोज लागतो. उधारी तुम्ही देताच, फक्त तिला आकार द्या.

प्रत्येक कुटुंबाला मर्यादा ठरवा, समजा रोज दोन लाद्या. पाव आणि टोस्ट उधार मिळेल, केक आणि थंड पेय नाही. नोंद दोन ठिकाणी, एक तुमची वही आणि एक त्यांच्याकडचं कार्ड. वसुली नारळी पौर्णिमेनंतर, होड्या समुद्रात गेल्यावर, आठवड्याच्या हप्त्यांनी. गणपतीच्या तोंडावर मागायला जाऊ नका. तेव्हा घरात खर्च असतो आणि मागणारा वाईट दिसतो. सहकारी मच्छीमार सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांशी आधी बोलून ठेवलं तर वसुलीचा ताण पुष्कळ कमी होतो. काही रक्कम बुडेल. ती सेवेच्या खात्यावर लिहा, माणसाच्या नावावर वर्षानुवर्षं ओढत नेऊ नका.

शाळा

शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या प्रधानमंत्री पोषण योजनेत गावकऱ्यांनी मुलांना जादा खाऊ देण्याची सोय आहे. देशात तिला तिथी भोजन म्हणतात, महाराष्ट्रात स्नेहभोजन. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी पत्र द्या, पदार्थ आणि तारीख कळवा. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरमध्ये जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकण्यावर अन्नसुरक्षेच्या २०२० च्या विनियमांनी बंदी आहे. विकायला बंदी असलेला माल वाटायला नेणं शोभत नाही. तेव्हा वरचीच नाचणीची बिस्किटं, गूळ थोडा कमी करून. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे बाईंना सांगितलं की परवानगी लवकर मिळते. शेंगदाणे, काजू घालणार असाल तर आधी कळवा, एखाद्या मुलाला त्याची अॅलर्जी असू शकते.

उरलंच, तर

इतकं करूनही उरतंच. त्याचा नियम कडक ठेवा.

फ्रेश क्रीम, कस्टर्ड, अंड्याचं किंवा मटणाचं पॅटिस हे दुसऱ्या दिवशी कुणालाही द्यायचं नाही. असा माल ५ अंशांखाली नाहीतर ६० अंशांवर ठेवायचा असतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. तो फेकताना जीव तुटला तरी फेका.

पाव त्याच संध्याकाळी द्या किंवा कापून रात्रीच्या धगीत टोस्ट करा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कोरडा पडतो. टोस्ट नीट वाळला तर घट्ट डब्यात कित्येक दिवस टिकतो. म्हणून देण्यासाठी पावापेक्षा टोस्ट चांगला.

दमट, उष्ण दिवसांत पाव फोडून वास घ्या. फार पिकलेल्या अननसासारखा गोडसर वास आला किंवा मधला भाग ओढल्यावर चिकट तार निघाली, तर तो जंतूंचा दोष आहे. त्या जंतूंचे बीजाणू भट्टीतही मरत नाहीत, कारण पावाच्या मध्याचं तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. असा पाव वाटायचा नाही, टोस्टही करायचा नाही आणि जुनं पीठ नव्या घाण्यात मिसळायचं नाही. टेबल, ट्रे, कापायची सुरी व्हिनेगरने पुसून काढा. पावसाळ्यात पाणी दोन-तीन टक्क्यांनी कमी घाला, आणि पाव पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका. निम्मा त्रास गरम पाव पिशवीत कोंबल्यानेच होतो.

पूर आणि वादळ

३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं आणि अनेक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी घराघरातल्या चुली विझलेल्या असतात आणि लागतं ते न शिजवता खाता येणारं अन्न. लाकडावरची भट्टी आणि हाताने पीठ मळणारी दोन माणसं असतील तर तुमची बेकरी विजेशिवाय चालू शकते. त्यासाठी मे संपायच्या आत एवढं करून ठेवा.

मैदा आणि यीस्ट माळ्यावर किंवा पुराच्या जुन्या रेषेच्या वर. तीन दिवसांचं कोरडं लाकूड आडोशाला. टोस्ट आणि खारीचे डबे भरून त्यांवर तारखा. विहिरीचं पाणी उपसायला हातपंप किंवा रहाट, कारण मोटर चालणार नाही. पूर ओसरल्यावर विहिरीत क्लोरिन टाकून झाल्याशिवाय त्या पाण्याने पीठ मळू नका. वाटप स्वतः करायला धावण्याऐवजी जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा, तलाठ्याला सांगा, म्हणजे एकाच वाडीत चार टेम्पो आणि पुढच्या वाडीत एकही नाही, असं होत नाही. वाटताना फोटो काढू नका. पाणी शिरलेल्या घरातल्या बाईला हातात पाव धरून कॅमेऱ्यासमोर उभं करणं मला पाहवत नाही.

थांबवायचं झालं तर

भट्टी दुरुस्तीला निघते, पाववाला नोकरी सोडतो, मालक आजारी पडतो. तेव्हा न सांगता फेरी बंद करू नका. यादीतल्या घरांना आणि मुंबईच्या मुलांना महिनाभर आधी फोन करा, आगाऊ आलेले पैसे परत करा, आणि ती यादी आशाताईकडे किंवा शेजारच्या गावात पाव टाकणाऱ्या बेकरीकडे समक्ष सोपवा. कार्डावरच्या उधारीचा त्या दिवसापर्यंतचा हिशेब बंद करून दोन्ही बाजूंची सही घ्या. धंदा पुन्हा सुरू झाला तर नव्याने विचारायला जा. मधल्या काळात एखाद्या घरी दुसऱ्याचा पाव सुरू झालेला असेल, तर तो तोडू नका.